शब्दांची कुळकथा : 'सुपरपॉवर'

'भारत महासत्ता होणार' हे वाक्य भाषणांत, अग्रलेखांत आणि शाळेच्या निबंधांत आपण लहानपणापासून ऐकत-लिहीत आलो. ही महासत्ता ज्या इंग्रजी शब्दावरून आली, त्या 'सुपरपॉवर'कडे आज वळू.

या शब्दाला आधी विजेचा वास होता. १९२१ साली अमेरिकेच्या भूगर्भ सर्वेक्षण खात्याने बोस्टन ते वॉशिंग्टन पट्ट्यातली वीजकेंद्रं तारांनी जोडण्याची योजना मांडली, तिचं नाव 'सुपरपॉवर सिस्टिम'. म्हणजे तेव्हा 'पॉवर' म्हणजे वीजच.

राजकारणात तो रुजवला विल्यम फॉक्स या अमेरिकी अभ्यासकाने. दुसरं महायुद्ध चालू असतानाच, १९४४ साली त्याचं 'द सुपरपॉवर्स' हे पुस्तक आलं. 'ग्रेट पॉवर' म्हणजे बडी राष्ट्रं, हा शब्द शतकभर जुना होता. पण जपान-जर्मनीशी एकाच वेळी पृथ्वीच्या दोन टोकांना लढणाऱ्या देशांना तो अपुरा पडू लागला. फॉक्सची कसोटी साधी होती : ताकद मोठी हवी आणि ती हवी तिथे नेताही यायला हवी. नुसतं सैन्य मोठं असून भागत नाही. या कसोटीवर त्याने तीन देश निवडले : अमेरिका, सोव्हिएत युनियन आणि ब्रिटन.

ब्रिटन! आज हे नाव वाचून चमकायला होतं. पण तेव्हा ब्रिटनच्या पाठीशी साम्राज्य होतं. एकट्या हिंदुस्थानातून सुमारे २५ लाख सैनिक त्या युद्धात उतरले होते. १९४७ साली तो आधार गेला. उरलेला भ्रम १९५६ साली सुएझला फिटला. इजिप्तचे अध्यक्ष नासर यांनी सुएझ कालवा राष्ट्रीय केल्यावर ब्रिटन-फ्रान्सने इस्राएलला हाताशी धरून हल्ला केला. माल्टाहून निघालेल्या आरमाराला पोर्ट सैदला पोहोचायला जवळपास आठवडा लागला. तोवर पौंड घसरू लागला होता, आणि अमेरिकेचे अध्यक्ष आयसेनहॉवर पैशाची मदत मिळू देईनात. रणांगणावर सरशी होत असताना ब्रिटनला ६ नोव्हेंबरला युद्ध थांबवावं लागलं. जानेवारीत पंतप्रधान ईडन पायउतार झाले. फॉक्सच्या यादीतलं एक नाव त्याच्याच कसोटीने गळालं.

मराठीत आपण 'पॉवर'ला 'सत्ता' म्हटलं. संस्कृतात सत्ता म्हणजे असणं, अस्तित्व. मराठीत तिला अंमल गाजवण्याचा अर्थ चिकटला, आणि 'महासत्ता' म्हणताना तोच मनात येतो. डॉ. कलाम आणि वाय. एस. राजन यांनी १९९८च्या 'इंडिया २०२०' या पुस्तकात विकसित राष्ट्राचं स्वप्न मांडलं. आपण बोलता बोलता त्याचीही महासत्ता करून टाकली. मला हा घोटाळा मोठा वाटतो. घराघरांत नळाला पाणी येणं आणि दूरच्या समुद्रात आरमार नेता येणं या वेगळ्या गोष्टी आहेत.

आणि फॉक्सच्या पुस्तकाचं उपशीर्षक आपण विसरूनच गेलो. त्यात तिन्ही देशांची नावं आहेत, आणि पुढे शब्द आहेत : शांततेसाठी त्यांची जबाबदारी. महासत्तेवर निबंध लिहायला सांगणाऱ्या शिक्षकांना विनंती, की फळ्यावर विषयाखाली ही ओळही लिहा.