घडीचा चाकू : खटका समजला तर बोट वाचेल



मागच्या वर्षी परिसर अभ्यासाच्या क्षेत्रभेटीसाठी आम्ही चौथीच्या मुलांना शेतावर नेलं होतं. डबे खाऊन झाल्यावर एका मुलाने खिशातून आजोबांचा घडीचा चाकू काढला. पेरू छान कापला, सगळ्यांना फोडी वाटल्या. मग काठीला भोक पाडायचं म्हणून त्याने चाकूचं टोक काठीत रोवून जोर लावला आणि पातं फटकन मिटलं. तर्जनीला तीन टाके पडले.

नंतरच्या पालकसभेत सगळ्यांचा प्रश्न एकच, "चाकू आला कसा?" प्रश्न रास्तच होता. शाळेत चाकू आणायचा नाही, हा नियम आम्ही पुन्हा बजावून सांगितला. पण पेरू कापताना न मिटलेला चाकू काठीला भोक पाडतानाच का मिटला, हे त्या मुलाला कोणीच शिकवलेलं नव्हतं. खरं सांगायचं तर मलाही तेव्हा ते नीट सांगता आलं नसतं. आज तेच समजून घेऊया.

चाकू का मिटतो?

पेरू कापताना दाब धारेवर येतो. त्या दाबाने पातं उघडण्याच्याच दिशेने रेटलं जातं, म्हणून ते मिटत नाही. पण टोक रोवून जोर लावला, किंवा पात्याच्या पाठीवर दाब आला, की पातं उलट, म्हणजे मुठीच्या दिशेने फिरतं. आणि मुठीवर आपली बोटं असतात! उघडं पातं जागेवर धरून ठेवण्यासाठी जी योजना असते ती म्हणजे खटका किंवा लॉक. खटक्याचा चाकू म्हटलं की आपल्याला हिंदी सिनेमातला रामपुरी आठवतो, पण पातं हातावर मिटू न देणारा खटका ही खरं तर सुरक्षेची सोय आहे.

खटक्यांचे मुख्य प्रकार

१) लॉक नसलेला चाकू : यात मुठीच्या पाठीतली स्प्रिंग पात्याला फक्त दाबून धरते. जोर लावला की पातं मिटतं. आजोबांचा चाकू याच प्रकारचा होता. प्रसिद्ध स्विस चाकूंपैकी बहुतेक लहान चाकूही असेच असतात. फळ कापायला उत्तम, टोचायला अजिबात नाही.

२) पाठीचा खटका : मुठीच्या पाठीत एक दांडी असते. तिचं टोक पात्याच्या खाचेत बसतं. पाठीवरची दांडी दाबली की खाच सुटते. अमेरिकेतल्या बक कंपनीने १९६४ साली आणलेल्या '११०' या चाकूमुळे हा प्रकार खूप लोकप्रिय झाला.

३) पट्टीचं लॉक : मुठीच्या आत धातूची पातळ पट्टी असते. पातं पूर्ण उघडलं की ती सरकून पात्याच्या मागच्या टोकाआड येते. मिटवताना अंगठ्याने पट्टी बाजूला ढकलावी लागते, आणि त्या क्षणी अंगठा पात्याच्या वाटेत असतो. म्हणून लहान मुलांसाठी हा प्रकार मला योग्य वाटत नाही.

४) कड्याचं लॉक : फ्रान्सच्या साव्हुआ भागातल्या जोसेफ ओपिनेल यांनी १८९० च्या सुमारास लाकडी मुठीचा साधा चाकू बनवला. १९५५ साली त्याला फिरणारं धातूचं कडं बसवण्यात आलं. पातं उघडून कडं फिरवलं की मिटण्याची वाटच बंद! डोळ्यांना दिसणारं लॉक असल्यामुळे मुलांना लगेच समजतं. याच कंपनीचा गोल टोकाचा, मुलांसाठीचा चाकूही मिळतो.

कारागिराचा की कारखान्याचा?

आपल्याकडे लोहाराकडून विळा-कोयता हवा तसा करून घेतात. परदेशात घडीचे चाकूही असे ऑर्डर देऊन बनवून घेतात. पट्टीचं लॉक आजच्या रूपात आणणारे मायकल वॉकर हे अमेरिकेतले असेच कारागीर. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला त्यांनी ते विकसित केलं आणि पुढे कारखान्यांनीही उचललं.

पण विळ्यात आणि घडीच्या चाकूत एक फरक आहे. घडीच्या चाकूत पातं, पिन आणि खटका एकमेकांत अगदी नेमके बसावे लागतात. थोडा फरक पडला तरी लॉक निसटू शकतं. चांगला कारागीर एकेक चाकू हाताने जुळवून देतो, म्हणून तो महाग. चांगल्या कारखान्यात तेच काम यंत्राने एकसारखं होतं. जत्रेतल्या स्वस्त चाकूत मात्र दोन्हीची खात्री नसते. म्हणून महाग की स्वस्त, हातचा की यंत्राचा, हे नंतर पाहा. आधी खटका तपासा.

तपासायचं कसं? (हे मोठ्यांनीच करावे.)

- पातं पूर्ण उघडा. लॉक बसल्याचा आवाज आला का, की अर्धवट अडकलं?
- पातं हलवून पाहा. पिनेपाशी खेळ असेल तर चाकू वापरू नका.
- बोटं पात्याच्या वाटेत न ठेवता मूठ धरा आणि पात्याची पाठ टेबलाच्या कडेवर हळूच दाबा. आपटू नका. लॉक सुटलं तर तो चाकू बाद.
- खटक्यात माती किंवा फळाचा रस सुकला असेल तर धुऊन, कोरडा करून शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब सोडा.

मुलांना शिकवायचे नियम

१) चाकू मोठ्यांसमोर, बसूनच वापरायचा. हातभर अंतरात दुसरं कोणी नको.
२) धार नेहमी अंगापासून दूर.
३) लॉक असलं तरी ते नाही असं समजूनच काम करायचं.
४) दुसऱ्याला देताना मिटवूनच द्यायचा.
५) निसटला तर झेलायचा नाही, पडू द्यायचा.
६) बोथट चाकूला जास्त जोर लागतो आणि तो निसटतो, म्हणून धार मोठ्यांकडून लावून घ्यायची.

तरीही कापलंच तर स्वच्छ कापडाने घट्ट दाबून धरा, हात वर ठेवा. जखम खोल असेल तर दवाखान्यात न्या आणि धनुर्वाताच्या इंजेक्शनबद्दल डॉक्टरांना विचारा.

वर्गात करून पाहा

खरा चाकू न आणता हे शिकवता येतं. पुठ्ठ्याच्या दोन पट्ट्यांची मूठ करा, मधे आइस्क्रीमची काडी बटण-पिनेने बसवा. हे झालं पातं. आता काडीच्या टोकावर वेगवेगळ्या दिशेने दाब द्यायला सांगा. नंतर पिनेजवळ, मूठ आणि काडी दोन्हींवर येईल असं कागदाचं घट्ट कडं सरकवा. काडी आता का मिटत नाही, हे मुलं स्वतःच सांगतील. माझ्या वर्गात हे आधी सांगितलं ते त्याच तीन टाक्यांच्या मुलाने. "बाई, तेव्हा मी उलट्या बाजूने जोर लावला होता," तो म्हणाला.

चाकू हिसकावून घेणं सोपं आहे, आणि शाळेत ते करावंच लागतं. पण घरी, शेतावर, सहलीला कधीतरी तो मुलांच्या हातात येणारच. तेव्हा आपण जवळ असूच असं नाही. म्हणून आधीच शिकवूया.

आपले अनुभव जरूर कळवा.