अलिबागची सुई आणि मोहन्याची तार

आंबिवली स्टेशनजवळच्या मोहन्यात एखाद्या हौशी रेडिओचालकाने (हॅमने) इमारतीच्या गच्चीवर वीस मीटरची तार ताणली, तर ७ मेगाहर्ट्झवर त्याचा आवाज कुठवर जाईल? ते त्याच्या सेटच्या ताकदीपेक्षा सूर्यावर जास्त अवलंबून असते. लघुलहरींना आकाशातून पुन्हा जमिनीकडे वळवणारे आयनांबर सूर्याच्या अतिनील आणि क्ष-किरणांनी तयार होते. एवढे कोणत्याही हॅम हँडबुकात वाचायला मिळते. पण ही हँडबुके बहुतेक अमेरिका-युरोपात लिहिलेली, म्हणजे चाळीस-पन्नास अंश अक्षांशांवरच्या आकाशाची. मोहने १९ अंशांवर आहे. इथले आकाश निराळे वागते आणि त्याची नोंद आपल्याच किनाऱ्यावर पिढ्यान्‌पिढ्या होत आली आहे.

मुंबईच्या कुलाबा वेधशाळेत १८४१ पासून पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राचे वेध घेतले जात. दर्पणकार बाळशास्त्री जांभेकरांनी काही काळ या वेधशाळेची धुरा सांभाळली होती, हे मराठी वाचकाने अभिमानाने लक्षात ठेवावे. १ सप्टेंबर १८५९ रोजी इंग्लंडात रिचर्ड कॅरिंग्टनने सूर्यडागांच्या समूहावर पांढरा झोत उसळताना पाहिला. साडेसतरा तासांनी चुंबकीय वादळ पृथ्वीवर येऊन थडकले. कुलाब्याला क्षेत्राचा आडवा घटक सुमारे १६०० नॅनोटेस्लांनी कोसळला. त्या महावादळाचा एवढा मोलाचा आकडा जगाला मुंबईने दिला. पुढे शहरात विजेच्या ट्रामगाड्या येणार असे दिसताच वेधशाळेचे संचालक नानाभॉय फ्रामजी मूस यांनी चुंबकीय वेध १९०४ मध्ये अलिबागला हलवले. ते आजही तिथे चालू आहेत. पनवेलची भारतीय भूचुंबकत्व संस्था ते सांभाळते.

या नोंदींचा हॅमला काय उपयोग? चुंबकीय विषुववृत्त आपल्याकडे तिरुनेलवेलीच्या आसपासून जाते. दिवसा तिथे सुमारे १०५ किलोमीटर उंचीवर विजेचा जोरदार प्रवाह पूर्वेकडे वाहतो. तिरुनेलवेलीच्या चुंबकीय नोंदीतून अलिबागची नोंद वजा केली की या प्रवाहाचा जोर कळतो. प्रवाह जोरात असला की विषुववृत्तावरचे विद्युत्भारित कण कारंज्यासारखे वर फेकले जातात आणि चुंबकीय रेषांवरून उत्तर-दक्षिणेला घसरतात. भारतात त्यांची दाटी अहमदाबाद-भोपाळच्या पट्ट्यात होते. मोहने आहे या कारंज्याच्या आणि त्या दाट पट्ट्याच्या मध्ये, पट्ट्याच्या अधिक जवळ.

म्हणूनच इथल्या आयनांबरातला दुपारचा एफ थर सहसा इतका दाट असतो की ७ मेगाहर्ट्झची लहर जवळजवळ सरळ वर सोडली तरी परत खाली येते. युरोपात मंद सूर्याच्या वर्षांत हीच लहर अनेकदा वर निघून जाते आणि जवळच्या गावाशीच बोलणे होत नाही. हा फरक पुस्तकी नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर हॅम मंडळी लातूर भागात मदतीला धावली होती. कल्याणहून किल्लारी चारेकशे किलोमीटर, म्हणजे नेमके या उभ्या मार्गाचे अंतर. तार फार उंच हवी असेही नाही. इमारतीच्या गच्चीएवढी उंची पुरते.

दूरच्या देशांचे गणित वेगळे, ते सूर्यडागांवर ठरते. सूर्यडागांचे चक्र सरासरी ११ वर्षांचे. १९५७-५८ चा कळस नोंदींतला सर्वांत उंच. सध्याच्या पंचविसाव्या चक्राचा ऑक्टोबर २०२४ च्या सुमाराचा कळस त्याच्या बराच खाली. तरीही एवढ्यावर २८ मेगाहर्ट्झ जागा झाला. त्याची तार अवघी पाच मीटरची. वीस मीटर ताणायला जागा नसलेल्या सोसायटीतल्या माणसासाठी मला ही मोठी मेहेरबानी वाटते. सप्टेंबर ते नोव्हेंबर हा काळ त्यासाठी खास चांगला. परतीच्या पावसातल्या विजा ७ मेगाहर्ट्झवर कडकडत असतात, तेव्हाही वरचा बँड बऱ्यापैकी शांत राहतो.

जोमदार सूर्य रागावतोही, आणि ते राग दोन प्रकारचे. सौरज्वाळेचे क्ष-किरण सव्वाआठ मिनिटांत पोहोचतात आणि फक्त उजेडाच्या बाजूचा, आयनांबरातला खालचा डी थर जाड करतात. लहर तिथेच शोषली जाते: आधी ७, मग १४ मेगाहर्ट्झ. अशा वेळी वर २१ किंवा २८ वर जावे. तिथले शोषण लवकर ओसरते. वादळ मात्र सहसा एक ते तीन दिवसांनी येते. १० मे २०२४ ला आपल्या रात्री साडेदहाच्या सुमारास अशाच एका वादळाचा धक्का बसला आणि लडाखमधल्या हानलेहून आकाशात लालिमा दिसली. अशा वेळी दिशा पाहावी. इथून कॅलिफोर्नियाचा जवळचा मार्ग उत्तर ध्रुवाजवळून जातो, तो आधी बंद पडतो. आग्नेय आशिया, हिंदी महासागराकडचे मार्ग बहुधा टिकतात. नवखे लोक ‘कंडिशन्स खराब’ म्हणून सेट बंद करतात. मला तो उतावळेपणा वाटतो.

आज आदित्य-एल१ वरची, पुण्याच्या आयुकाने घडवलेली सूट दुर्बीण सूर्याची अतिनील चित्रे पाठवते. अलिबागच्या नोंदी मुंबईच्या जागतिक भूचुंबकत्व विदा केंद्रातून मिळतात. उणीव आहे ती खालच्या बाजूच्या नोंदींची. लॉगबुकात क्यूएसओची (संपर्काची) वेळ, बँड आणि सिग्नल रिपोर्ट येतोच. त्याशेजारी अँटेनाची दिशा आणि हाक देऊनही उत्तर न आलेल्या वेळा लिहाव्यात, आणि महिनाअखेरीस तो कागद अलिबागच्या आलेखाशेजारी ठेवावा. कल्याण-डोंबिवलीतल्या चार-सहा जणांनी एक चक्र एवढे केले, तर १९ अंशांवरच्या आकाशाचे हँडबुक इथेच लिहिता येईल.