टाकीचा प्रिंटर

प्रिंटरच्या पुढच्या अंगाला चार अरुंद खिडक्या असतात. एकीत काळी शाई, बाकीच्या तिघींत निळसर, गुलाबी आणि पिवळी. कोणती शाई किती उरली ते खुर्चीवरून न उठता दिसतं. संपत आली की बाटली आणायची, झाकण उघडायचं, बाटलीचं तोंड टाकीच्या तोंडावर उलटं टेकवायचं. बऱ्याच नव्या मॉडेलांत प्रत्येक रंगाच्या बाटलीचं तोंड वेगळ्या खाचेचं असतं, त्यामुळे पिवळ्या टाकीत काळी शाई जाऊच शकत नाही. शाई आपोआप उतरते, टाकी भरली की आपोआप थांबते, हाताला डाग लागत नाही.

घरासाठी परवडणारा प्रिंटर कोणता, असं कुणी विचारलं आणि घरात शाळेत जाणारी मुलं असली, तर मी हाच सांगतो. दुकानात मात्र याच्या शेजारी निम्म्याहून कमी किमतीचा प्रिंटर मांडलेला असतो. साडेतीन-चार हजारांत प्रिंट, स्कॅन, कॉपी सगळं करणारा. टाकीवाल्याला दहा ते पंधरा हजार मोजावे लागतात. पगाराच्या हिशेबात बसवायचं म्हणून माणूस स्वस्त खोका उचलतो, आणि पुढची काही वर्षं त्याची किंमत हप्त्याहप्त्याने भरत राहतो.

कारण त्या स्वस्त प्रिंटरच्या पोटात कार्ट्रिज आहे. त्यात शाई असते काही मिलिलिटर, आणि लहान कार्ट्रिज शे-दोनशे पानांत संपतं. आठशे रुपयांचं कार्ट्रिज दोनशे पानं देत असेल, तर पानाला नुसत्या शाईचेच चार रुपये झाले. रंगीत कार्ट्रिजमध्ये तीन रंगांचे तीन कप्पे एकत्र असतात. मुलाने आकाश आणि समुद्र भरपूर छापले आणि निळी संपली, की पिवळी-गुलाबी उरलेली असूनही कार्ट्रिज बदलणं आलं. प्रिंटर जवळपास तोट्यात विकायचा आणि नफा शाईवर कमवायचा, हा या धंद्याचा जुना रिवाज आहे. तो टिकवायला कंपन्यांनी कार्ट्रिजवर चिप बसवल्या. 2016 च्या सप्टेंबरमध्ये एचपीच्या काही प्रिंटरांनी दुसऱ्या कंपन्यांची कार्ट्रिजं अचानक नाकारायला सुरुवात केली, तेव्हा जगभर ओरड झाली होती.

हा रिवाज मोडायला सुरुवात झाली ती आशियातल्या छोट्या दुकानांतून. इंडोनेशियात दुकानदार इंकजेट प्रिंटरच्या अंगाला भोक पाडून बारीक नळ्या आत घालत आणि बाहेर शाईच्या मोठ्या बाटल्या ठेवत. कार्ट्रिज नावापुरतं उरायचं, शाई बाटलीतून यायची. आपल्याकडेही मुंबईच्या लॅमिंग्टन रोडसारख्या बाजारांत अशा नळ्यांचे संच मिळत, आणि फोटो स्टुडिओवाले ते सर्रास बसवत. हे काम कौशल्याचं होतं, पण नळीत हवा शिरायची, शाई गळायची, आणि कंपनी वॉरंटी द्यायला नकार द्यायची. एप्सनने इंडोनेशियातली ही उलाढाल पाहिली आणि 2010 मध्ये तिथेच एल100 आणि एल200 ही मॉडेलं आणली. त्यांना टाकी कारखान्यातूनच लावलेली होती. प्रिंटर महाग, शाई स्वस्त, असा उलटा हिशेब एका मोठ्या कंपनीने मान्य केला. पुढच्याच वर्षी ही यंत्रं भारतात आली. 2015-16 पर्यंत ब्रदर, कॅनन आणि एचपी यांनाही टाकीवर यावं लागलं. गिऱ्हाइकाची गरज दुकानदाराने ओळखली आणि कंपनीला ती स्वीकारावी लागली, याचं मला फार मोल वाटतं.

आकडे पाहा. एप्सनच्या घरगुती मॉडेलांत चालणारी 65 मिलिलिटरची काळी बाटली सुमारे साडेचार हजार पानं देते, असं कंपनी सांगते. कॅननची 135 मिलिलिटरची काळी बाटली सहा हजार. बाटली साधारण तीनशे ते पाचशे रुपयांना मिळते, म्हणजे पानाला शाईचा खर्च दहा पैशांच्या आसपास. मात्र कंपनीचं पान म्हणजे ठरावीक नमुन्याचं, बऱ्याच मोकळ्या जागेचं पान. भूगोलाच्या प्रकल्पासाठी पानभर महाराष्ट्राचा रंगीत नकाशा छापला, तर त्या एका पानाला अशा अनेक पानांची शाई लागते. तरीही खर्च कार्ट्रिजच्या जवळपास जात नाही.

ही शाई कागदावर पोचते कशी, हे समजून घेतलं तर पुढची देखभाल सोपी जाते. 1977 मध्ये कॅननच्या प्रयोगशाळेत इचिरो एन्डो काम करत असताना तापलेली सोल्डरिंगची सळई शाई भरलेल्या सिरिंजच्या सुईला लागली आणि सुईच्या टोकातून शाई उडाली. त्यातून बबलजेट जन्मलं. प्रिंटरच्या हेडमधल्या छिद्रामागचा अतिसूक्ष्म हीटर क्षणार्धात शाई उकळवतो, बुडबुडा फुगतो आणि थेंब पुढे ढकलला जातो. एचपीनेही त्याच सुमारास स्वतंत्रपणे हेच साधलं आणि 1984 मध्ये थिंकजेट बाजारात आणला. एप्सनची वाट वेगळी. काही स्फटिकांवर दाब दिला की वीज निर्माण होते, हे क्युरी बंधूंनी 1880 मध्ये दाखवलं होतं. त्याच्या उलट, विजेचा दाब दिला की असा पदार्थ किंचित आकार बदलतो, आणि एप्सनच्या हेडमध्ये ही हालचालच शाईला धक्का देते. तिथे उष्णता लागत नाही.

थेंब किती लहान? तीन पिकोलिटरचा थेंब धरला, तर एक मिलिलिटर शाईत असे तेहेतीस कोटी थेंब मावतात. ते ज्या छिद्रांतून येतात ती केसाहून बारीक. घरातल्या प्रिंटरची बहुतेक दुखणी या छिद्रांपाशी सुरू होतात, कारण छिद्राच्या तोंडाशी शाई वाळते.

यावर यंत्रातच सोय केलेली असते. प्रिंटरचं स्वतःचं बटण दाबून तो बंद केला, की हेड उजव्या कडेला जाऊन रबरी टोपीवर बसतं आणि छिद्रं हवाबंद होतात. आपल्या घरांत मात्र भिंतीवरचं बटण बंद करायची सवय असते. वीज वाचते, विजा कडाडत असल्या तर धोका टळतो, म्हणून वडीलधाऱ्यांनी लावलेली. छपाई चालू असताना किंवा नुकती संपत आली असताना ते बंद झालं, तर हेड मध्येच उघडं राहतं. आधी प्रिंटरचं बटण, तो शांत झाला की मग भिंतीवरचं, हा क्रम घरातल्या प्रत्येकाला सांगून ठेवावा. वीज वारंवार जाणाऱ्या गावात तर छपाई आटोपली की लगेच प्रिंटर बंद करावा.

दुसरी अडचण शाळेच्या वेळापत्रकाची. एप्रिलमध्ये परीक्षा संपते, प्रकल्प संपतात, आणि प्रिंटर जूनपर्यंत तसाच पडून राहतो. नेमके तेच दोन महिने नागपूर, अकोला, जळगावकडे सर्वांत कोरडे आणि तापलेले. शाळा उघडते तेव्हा पहिल्याच पानावर पांढऱ्या रेघा दिसतात. सुट्टीतही आठवड्याला एक रंगीत पान छापलं, तर हे टळतं. त्या पानाची शाई काही पैशांची; बंद पडलेल्या हेडचा खर्च हजारांत जाऊ शकतो.

छिद्र बंद पडलं की देवनागरीत ते फार लवकर उघडं पडतं. हेड डावीकडून उजवीकडे पट्टे मारत जातं, त्यामुळे एक छिद्र मुकलं की पानावर आडवी पांढरी रेघ येते. रोमन अक्षरांत ती कधीकधी लपून जाते. आपली शिरोरेखा मात्र स्वतःच आडवी. पांढरी रेघ नेमकी तिच्यावर आली, तर सबंध ओळीच्या डोक्यावरची रेघ पुसट होते आणि सुट्या पडलेल्या काना-मात्रा वाचताना डोळा अडखळतो. लहान टायपातला अनुस्वार तर दिसेनासाच होतो. अशा वेळी प्रिंटरच्या मेन्यूतून नोझल चेकचं पान काढावं. चार रंगांच्या तुटक रेघांची जाळी छापली जाते, आणि ज्या रंगात खंड दिसेल तिथे छिद्र बंद आहे. मग एकदा हेड क्लीनिंग करावं, पुन्हा तपासावं. सुधारलं नाही तर काही तास थांबावं, लागोपाठ क्लीनिंग करत बसू नये, कारण प्रत्येक वेळी शाई खर्च होते. कॅनन आणि एचपीच्या बऱ्याच टाकीवाल्या मॉडेलांत हेड सुटं मिळतं आणि घरी बदलता येतं. एप्सनचं हेड जास्त टिकतं, पण ते बदलायला सर्व्हिस सेंटर लागतं. दोन्ही बाजूंना वजन आहे. सर्व्हिस सेंटर जवळ नसेल तर मी सुट्या हेडच्या बाजूचा.

कोकणात आणि मुंबईत त्रास कागदाचा. पावसाळ्यात उघड्या गठ्ठ्यातला कागद ओल धरतो, कडा वळतात आणि दोन पानं एकदम ओढली जातात. गठ्ठा प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून ठेवावा, ट्रेमध्ये लागेल तेवढाच घालावा. शाईचंही इथेच पाहून घ्यावं. काही मॉडेलांत काळी शाई पिगमेंटची असते. ती वाळल्यावर पाण्याला फारशी दाद देत नाही. काहींत चारही शाया डायच्या असतात, आणि ओला हात लागला की अक्षर पसरतं. उत्पन्नाचा दाखला, सातबारा, प्रवेशाचा अर्ज असे कागद पावसात घेऊन हिंडावं लागत असेल, तर पिगमेंट काळी असलेलं मॉडेल मागावं. दुकानदाराला नक्की सांगता येत नसेल, तर नमुन्याचं पान छापायला लावून थोड्या वेळाने त्यावर पाण्याचा थेंब टाकून पाहावा.

सगळ्यांनी टाकीच घ्यावी असं मात्र नाही. वकील, हस्तलिखितं टाइप करणारे लेखक, तीन-चार महिन्यांतून एकदा बँकेचे कागद काढणारं निवृत्त जोडपं, यांना रंग लागत नाही आणि छपाई अनियमित असते. त्यांच्यासाठी काळा-पांढरा लेझर उत्तम. त्यात शाई नसते, टोनरची कोरडी भुकटी असते, ती सहा महिन्यांनीही वाळत नाही. या तंत्राचा पाया झेरॉक्स कंपनीत गॅरी स्टार्कवेदर यांनी घातला. 1984 मध्ये एचपीचा पहिला लेझरजेट आला तेव्हा त्याची किंमत 3,495 डॉलर होती. आपल्याकडे लेझर रुळला तो एचपी 1020 आणि कॅनन एलबीपी 2900 या दोन यंत्रांनी. सीएंच्या कचेऱ्यांत आणि कोर्टाबाहेरच्या टेबलांवर त्यांतली काही अजून चालू आहेत. त्यांच्या कार्ट्रिजमधून सुमारे दोन हजार पानं निघतात, आणि तालुक्याच्या गावातही भुकटी भरून देणारा माणूस सापडतो. नव्या मॉडेलांत चिप आल्यामुळे ही सोय आटली आहे. म्हणून लेझर घेताना रिफिल होतं का, हे आधी विचारावं. लेझरमध्ये भुकटी कागदावर वितळवून चिकटवायला सुमारे दोनशे अंशांचा तापलेला रूळ असतो आणि तो तापताना एकदम जास्त वीज ओढतो. घरच्या छोट्या इन्व्हर्टरवर तो लावू नये.

आणि काही घरांनी प्रिंटर घेऊच नये. बारा हजारांचा टाकीवाला धरा. कागद आणि शाई मिळून पान रुपयाच्या आत पडतं. झेरॉक्सच्या दुकानात काळ्या पानाला पाच आणि रंगीत पानाला दहा रुपये पडत असतील, तर काळ्या पानामागे चार आणि रंगीतमागे नऊ रुपये वाचतात. महिन्याला साठ पानं, त्यांतली निम्मी रंगीत, असं घर अडीच वर्षांत यंत्राचे पैसे वसूल करतं. सगळी काळीच छापली तर चार वर्षं. महिन्याला दहा पानं छापणाऱ्याचे पैसे कधीच निघत नाहीत, त्याने कोपऱ्यावरच्या दुकानाला आश्रय द्यावा. या हिशेबात एक गोष्ट धरलेली नाही. उद्या द्यायचा प्रकल्प मुलीला रात्री नऊला आठवतो आणि दुकान बंद झालेलं असतं. वाडीवस्तीवर दुकान चार-पाच किलोमीटर दूर असतं. अशा घरात प्रिंटरची किंमत पानांवर मोजता येत नाही, आणि आईबापांनी तो घेतला तर तो खर्च योग्यच आहे.

घ्यायचं ठरलं तर वाय-फाय असलेलं मॉडेल घ्यावं. पुष्कळ घरांत संगणक नसतो, सगळे कागद मोबाइलवर येतात. वाय-फाय नसलेला प्रिंटर अशा घरात निम्मा निकामी. स्कॅन आणि कॉपी हवंच, आधार कार्डाच्या आणि गुणपत्रिकेच्या प्रतींना अंत नसतो. फॅक्स किंवा पानं आपोआप ओढून घेणारा वरचा ट्रे यांवर घरासाठी पैसे घालवू नयेत. वॉरंटी वर्षांत आणि पानांत, दोन्हींत मोजली जाते. जे आधी पूर्ण होईल ते लागू होतं, तेवढं बिल करताना वाचून घ्यावं.

शेवटचा प्रश्न दुकानात सहसा कुणी विचारत नाही. हेड क्लीनिंगमध्ये वाया जाणारी शाई प्रिंटरच्या तळाशी एका स्पंजसारख्या पॅडमध्ये जमा होते. काही वर्षांनी प्रिंटर 'पॅड भरलं' असं सांगतो आणि धडधाकट असूनही छपाई थांबवतो. काही नव्या मॉडेलांत हा भाग सुट्या डब्याच्या रूपात येतो आणि घरी बदलता येतो. बाकीच्यांत मेकॅनिक प्रिंटर उघडून पॅड बदलतो आणि मोजणी शून्यावर आणतो. आपल्या मॉडेलात यांपैकी कोणती सोय आहे, तिला किती खर्च येतो, आणि त्यासाठी यंत्र जिल्ह्याच्या गावी पाठवावं लागतं की तालुक्यातच काम होतं, हे पैसे देण्याआधी विचारून ठेवावं.