तंबूच्या आतला तंबू

कुटुंबासाठी तंबू घ्यायला गेलेल्या माणसाला दुकानदार आधी एक आकडा ऐकवतो : २००० मिलिमीटर, ३००० मिलिमीटर. कापडावर पाण्याचा किती उंच स्तंभ उभा केला म्हणजे पाणी झिरपू लागेल, त्याचे हे माप. पावसाळी सह्याद्रीत जाणाऱ्याने ते जरूर विचारावे. चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलपट्ट्यात मुक्काम करणाऱ्याच्या दृष्टीने मात्र हा आकडा दुय्यम आहे, असे माझे मत आहे. पाऊस इथेही दणकून पडतो, पण बहुतेक सगळा जून ते सप्टेंबरात, आणि ताडोबाचा कोअर भाग जुलै ते सप्टेंबर बंदच असतो. कुटुंबे येतात ती दिवाळीनंतर, मेअखेरपर्यंत. त्या महिन्यांत अडवायचे असतात डास, साप आणि ऊन. यातले पहिले दोन आतल्या तंबूवर सोपवलेले असतात, तिसऱ्यासाठी आतल्या आणि बाहेरच्या कापडांत राखलेली मोकळी जागा लागते. दुकानात या दोन्हींबद्दल कोणी चकार शब्द काढत नाही.

दुहेरी कापडाची ही रचना आजच्या घुमटाकार तंबूने शोधलेली नाही. इंग्रजी अमदानीत दौऱ्यावर निघणारे साहेबलोक जो ‘स्विस कॉटेज’ तंबू वापरत, त्यालाही दोन छपरे असत. वरचे छप्पर ऊन झेलते आणि मधली हवा खेळती राहिली की ती धग खाली पोचत नाही. आज वरच्या कापडाला ‘फ्लाय’ म्हणतात, ते पॉलिएस्टरचे असते, आणि आतला तंबू निम्माअधिक जाळीचा. ब्रह्मपुरीला पारा ४६-४७ अंशांवर जातो तेव्हा भर दुपारी कोणताही तंबू भट्टीच होणार, तिथे झाडाच्या सावलीला पर्याय नाही. पण सूर्य कलल्यावर झोपण्याजोगा गारवा लवकर येतो तो दुहेरी तंबूतच. थंडीत याच जागेचा वेगळा उपयोग होतो. झोपलेल्या माणसाच्या श्वासातून आणि अंगातून रात्रभरात पाव लिटर तरी पाणी बाहेर पडते. चौघांचे ते पाणी गार फ्लायच्या आतल्या अंगाला थेंबाथेंबाने जमते आणि सकाळी लोक म्हणतात, तंबू गळतो! फ्लाय आतल्या कापडाला चिकटली नसेल तर हे थेंब ओघळून बाहेरच्या बाहेर जमिनीवर जातात. म्हणून तणाव्याच्या दोऱ्या वारा नसतानाही ताणून बांधायच्या. मेख तिरपी ठोकायची, डोके तंबूपासून दूर झुकलेले. उन्हाळ्यातल्या कडक मुरमात तंबूसोबत मिळणाऱ्या तारेच्या मेखा वाकतात. जाड लोखंडी मेखा वेगळ्या घ्याव्यात.

आता जाळी. राज्यातल्या मलेरियाच्या रुग्णांत गडचिरोलीचा वाटा वर्षानुवर्षे मोठा राहिला आहे, आणि तिथे आढळतो तो बहुतांशी फॅल्सिपेरम, म्हणजे मेंदूवर जाऊ शकणारा. तो पसरवणारा अ‍ॅनोफिलीस डास रात्री चावतो, नेमका झोपेच्या वेळी. पावसाळा सरला तरी त्याचा धोका लगेच सरत नाही. दिवाळीच्या सुट्टीत येणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे. मण्यारही निशाचर. जमिनीवर झोपलेल्यांना तिचा दंश होतो, दुखत फारसे नाही, त्यामुळे कित्येकदा उशिरा कळते. यावर उपाय म्हणजे चारही बाजूंनी वीतभर वर चढवून जाळीला शिवलेला अखंड तळ. असल्या तंबूत उघडी फट एकच उरते : दाराच्या चेनचे दोन सरकते तुकडे खालच्या कोपऱ्यात जिथे भेटतात, तिथले बोटभर भोक. चेन ओढून घेणे आणि ते भोक बुजले की नाही हे विजेरीने पाहणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

कोणी म्हणेल, खाटेवर औषधी मच्छरदाणी बांधली की काम भागते, मग तंबू कशाला? डासापुरते हे खरे आहे. सरकार वाटते त्या मच्छरदाणीत कीटकनाशक असते, तंबूच्या जाळीत सहसा नसते. म्हणून जाळीला टेकून झोपू नये. आणि त्यासाठी आत ऐसपैस जागा हवी. ‘चार माणसांचा’ तंबू माणशी दोन फूट रुंदी धरून कापलेला असतो, तेव्हा चौघांनी सहाचा घ्यावा. दुसरा आक्षेप वाघाचा, आणि २०२१ पासून गडचिरोलीत आलेल्या रानटी हत्तींचा. त्यांच्यापुढे कापडाचा कुठलाच भाग उपयोगी नाही, तो प्रश्न जागेचा आहे. परवानगी असलेल्या आवारातच तंबू ठोकावा, खाण्याचे काही आत ठेवू नये. परतल्यावर महिनाभरात ताप आला तर अंगावर काढू नका. कुठे मुक्काम केला होता ते डॉक्टरांना सांगा आणि त्याच दिवशी रक्त तपासून घ्या.