पास आऊट झालात? मग शुद्धीवर कधी आलात?

व्हिडीओ कॉलवर मुलाखत चालू होती. समोर एक ब्रिटिश बाई. मी एकदम कॉन्फिडन्टली सांगितलं, 'आय पास्ड आऊट इन २०१९.' बाईंच्या चेहऱ्यावर काळजी. 'अरे बापरे, आता तब्येत बरी आहे ना?' माझ्या तब्येतीचं हिला काय पडलंय, हेच मला कळेना. कॉल संपल्यावर डिक्शनरी उघडली आणि ट्यूब पेटली. २०१९ मध्ये मी बेशुद्ध पडले होते, असं मी तिला सांगितलं होतं!

इंग्लंड-अमेरिकेत 'पास आऊट'चा रोजचा अर्थ हाच. उन्हात भोवळ येऊन कुणी कोसळलं, तर 'शी पास्ड आऊट इन द हीट'. पार्टीत जरा जास्तच 'झालेल्या' मित्रालाही तेच लागू. आपल्या कानाला मात्र आपला अर्थ अजिबात खटकत नाही. मराठीत आपण परीक्षा 'पास' होतो आणि कॉलेजातून 'बाहेर' पडतो. दोन्ही जोडा, झालं पास आऊट!

गंमत म्हणजे लष्करात हा शब्द चक्क बरोबर आहे. ब्रिटिश इंग्रजीत लष्कराचं किंवा पोलिसांचं ट्रेनिंग पूर्ण करणं म्हणजे पास आऊट होणंच. आपल्या खडकवासल्याच्या एनडीएतली 'पासिंग आऊट परेड' त्यातलीच. (त्या परेडला उन्हात एखादा कॅडेट खरंच चक्कर येऊन पडला, तर तो दोन्ही अर्थांनी पास आऊट!)

आणखी एक अर्थ आहे, वाटप करणं. 'पास आऊट द पेपर्स' म्हणा किंवा 'पास द पेपर्स आऊट', दोन्ही चालतं. पण पेपर्सच्या जागी 'देम' आलं, की ते मध्येच बसवायचं: 'पास देम आऊट'. 'पास आऊट देम' कधीच नाही.

मग आपण सगळे चुकतोय का? मला तसं वाटत नाही. '२०२४ पासआऊट हवेत' ही जाहिरात इथे कुणालाही कळते, आणि भारतीय इंग्रजीतला अर्थ म्हणून काही डिक्शनऱ्यांनीही तो नोंदवलाय. पण सीव्ही परदेशी जाणार असेल, तर सरळ 'आय ग्रॅज्युएटेड इन २०१९' लिहा. बारावीसाठी 'आय फिनिश्ड स्कूल' पुरे. आणि घाईत 'पास्ड अवे' तर मुळीच नको, त्यातून कुणी परत येत नाही!

ती नोकरी मला मिळाली नाही. कारण वेगळं होतं, असं मी स्वतःला सांगते. सीव्हीतला तो शब्द मात्र त्याच रात्री बदलला.