स्वयंसूचना आणि आत्मसन्मान

● प्रवर्तक : फ्रान्समधील त्र्वा येथे औषधविक्रीचा व्यवसाय करीत असता, औषधासोबत त्याच्या गुणाविषयी चार आश्वासक शब्द सांगितल्यास रुग्णास अधिक उतार पडतो, हे ज्यांच्या ध्यानी आले, ते एमिल कुए (१८५७–१९२६) आधुनिक स्वयंसूचनापद्धतीचे जनक मानले जातात. १९१० नंतर नान्सी मुक्कामी त्यांनी ही पद्धती विनामोबदला शिकविली, ही त्यांच्या निष्ठेची साक्ष होय.

● शिरस्ता : आपण दिवसेंदिवस सर्वतोपरी सुधारत आहो, अशा आशयाचे एकच वाक्य सकाळी जागे होताच आणि रात्री निजण्यापूर्वी, वीस गाठींच्या दोरीवर मोजून, स्वतःस ऐकू येईल इतपत पुटपुटावयाचे, मात्र इच्छाशक्तीचा ताण यत्किंचितही द्यावयाचा नाही, कारण इच्छा आणि कल्पना यांच्या झगड्यात जय कल्पनेचाच होतो, असा कुए यांचा सिद्धान्त.

● मापन : आत्मसन्मान मोजण्यासाठी मॉरिस रोझेनबर्ग यांची श्रेणी, १९६५; विधाने १०.

● भेद : क्लॉड स्टील यांनी १९८८ मध्ये मांडलेली स्वप्रतिपादनाची उपपत्ती स्वस्तुतीहून सर्वस्वी भिन्न आहे. कुटुंब, श्रद्धा, कला यांपैकी जे मूल्य व्यक्तीस मनापासून प्रिय, त्याविषयी स्वहस्ते लिहिणे, हा या उपपत्तीच्या प्रयोगांतील नेहमीचा उपाय.

● मर्यादा : ही बाब विशेष लक्षात ठेवण्याजोगी. जोअॅन वुड आणि सहकाऱ्यांनी २००९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत, ज्यांचा आत्मसन्मान मुळातच क्षीण होता, त्यांना स्वतःविषयीचे प्रशंसावाक्य घोकल्यानंतर अधिकच खिन्न वाटले.