थांबावयासही बळ लागते

पेडणे तालुक्यातील केरीच्या धक्क्यावरून आमच्या वाचकांपैकी पुष्कळांनी फेरीबोटीने तेरेखोल गाठले असेल. नदीच्या मध्यावर बोट एका चालीने जात असता उभ्या माणसास काहीच जाणवत नाही. परंतु धक्क्याजवळ बोट मंदावली की सारे पुढे झुकतात. ‘फादर, आम्हांस कोणी ढकलले?’ असे मुले आम्हांस विचारतात. उत्तर एकच : कोणीही नाही!

मध्यावर यंत्राचा पुढचा रेटा आणि पाण्याचा विरोध ही दोन्ही बले समसमान असतात. म्हणून बोटीचा वेग बदलत नाही. यंत्र मंद केले की पाण्याचे बल वरचढ ठरते, तोल बिघडतो आणि बोट मंदावते. आपले पाय तिच्याबरोबर मंदावतात. धड मात्र पूर्वीच्याच वेगाने पुढे जाऊ पाहते. या स्वभावास जडत्व म्हणतात. असंतुलित बल लागल्यावाचून वस्तूची गती बदलत नाही, हा नियम न्यूटनने १६८७ साली ग्रंथात मांडला.

वस्तू जितकी जड, तितके तिची गती बदलणे कठीण. डिचोली तालुक्यातील सारमानसच्या धक्क्यावरून खनिज भरून मांडवीतून मुरगावकडे निघणाऱ्या बार्जीचेच पाहा. तिचा तांडेल धक्का दूर असतानाच यंत्र मंद करतो; कारण भरलेली बार्ज हुकुमासरशी थांबत नाही.

हाच नियम रस्त्यावर जिवाशी गाठ घालतो. २०१८ साली थांबलेले खनिजाचे उत्खनन डिचोलीत २०२४ साली पुन्हा सुरू झाले आणि त्याबरोबर ट्रकही रस्त्यावर आले. ब्रेक दाबल्यावर वाहनास थांबविणारे बल म्हणजे चाके व रस्ता यांमधील घर्षण. वेग दुप्पट झाला की थांबण्याचे अंतर चौपट होते. ताशी ३० किलोमीटर वेगाचे जे वाहन ब्रेक लागल्यावर ७ मीटरांत थांबते, तेच ताशी ६० किलोमीटर वेगाने सुमारे २८ मीटर जाते. शिवाय ब्रेकवर पाय पडण्यास एक सेकंद लागला, तर तेवढ्यात ते आणखी १७ मीटर पुढे आलेले असते. पावसाळ्यात ओल्या रस्त्यावर घर्षण घटते आणि हे अंतर अधिकच वाढते.

म्हणून मातापित्यांस आमची विनंती आहे : ‘ड्रायव्हर आपणांस पाहील व थांबेल’ या भरवशावर लेकरांस रस्ता ओलांडू देऊ नका. ड्रायव्हर सज्जन असेल, त्याची इच्छाही थांबण्याची असेल. परंतु इच्छेने ट्रक थांबत नाही. त्यास बळ लागते, आणि अंतरही.